गुरुवारची गिऱ्हाईकं

"गॅलरीत पाय ठेवायचा नाही, आणि कुणाला ठेवूही द्यायचा नाही. उद्या घर विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला आधी हे सांग, मग बाकीचं."

हे आमच्या ह्यांचे शब्द. जाऊन सात वर्षं झाली, पण गॅलरीच्या दाराकडे गेले की आवाज तसाच कानात येतो, थोडा खरखरीत, गिरणीतल्या खात्यात ओरडून बोलायची सवय झालेला. गिरणी बंद पडल्यावर हे एका कंत्राटदाराकडे इमारतींच्या दुरुस्तीवर जायचे. एक छोटी हातोडी कायम पिशवीत असायची. तिने भिंत ठोकून सांगायचे, जिवंत आहे का मेलीय. एकदा मला गॅलरीच्या दारात उभं करून त्यांनी खोलीतली लादी ठोकली. टणक आवाज आला. मग हात लांब करून गॅलरीतली ठोकली. तडा गेलेला माठ वाजावा तसा आवाज.

"ऐकलंस? आतल्या सळ्या गंजून फुगल्यात. वरून काही दिसणार नाही."

त्याच पावसाळ्यात गॅलरीच्या खालच्या अंगाने पाटाएवढा तुकडा सुटला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या पाण्याच्या पिंपावर पडला. पिंप फुटलं, माणूस वाचला. मग मीटिंगा झाल्या. वरच्याने खालच्याकडे बोट दाखवलं, खालच्याने इमारतीच्या मालकाकडे, मालकाने पावसाकडे. शेवटी ह्यांनी गॅलरीच्या दारावर एक आडवी फळी मारली, चार स्क्रूंनी. म्हणाले, "खिळा कुणीही उपटतो."

शेवटच्या आजारात, हॉस्पिटलमध्ये, सलाइन लावलेल्या हाताने माझं मनगट धरून परत तेच. "सांगशील ना, नलू?"

"सांगेन," मी म्हटलं. समोर ना देव होता ना दिवा, पण शब्द दिला तो दिला.

लालबागचं हे घर विकायला माझी ना नव्हती. हेरंब, माझा एकुलता एक मुलगा, ठाण्याला भाड्याच्या जागेत राहतो. हे घर विकून तिकडे मोठी जागा घ्यायची, तुझ्यासाठी वेगळी खोली आणि देवघर, असं तो आणि त्याची बायको सलोनी दोन वर्षं सांगत होते. तीन जिने चढताना माझेही गुडघे आता बोलतात. मी हो म्हटलं.

मग हितेंद्र आला. एजंट. पायात पांढरे बूट, हातात दोन फोन. घरभर फिरून त्याने हेरंबला यादीच सांगितली. भिंती पांढऱ्या करा. कॅलेंडरं उतरवा. देवांच्या तसबिरी सात आहेत, एक ठेवा. दारातली रांगोळी बंद, बुटांना लागते. उदबत्ती नको, मासे तर नकोच नको, मी लिंबाच्या वासाचा स्प्रे देतो.

"लोकांना वाटायला पाहिजे की हे आपलंच घर आहे," तो मला समजावत म्हणाला. "तुमचं वाटलं तर ते घेणार कसे, मावशी?"

मी उतरवल्या सहा तसबिरी. जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवल्या आणि रोज सकाळी कपाट उघडून त्यांना फूल वाहिलं. रांगोळी मात्र सोडली नाही. चाळीस वर्षांचा नेम आहे. उंबऱ्याच्या आत, कोपऱ्यात, चार बोटांची काढत राहिले. हितेंद्रच्या बुटांना ती कधी लागली नाही.

तसबिरींपर्यंत ठीक होतं. एके दिवशी मी बाजारातून आले तर गॅलरीचं दार सताड उघडं. फळी काढून स्वयंपाकघरात कपाटामागे उभी केलेली. गॅलरीत हिरवं प्लॅस्टिकचं गवत, वेताच्या दोन खुर्च्या, मधे काचेचं टीपॉय, त्यावर खोटं फूल. हितेंद्र आत उभा राहून फोटो काढत होता.

"अरे, बाहेर ये! ती गॅलरी कच्ची आहे."

"ऐंशी किलो आहे मी, मावशी," त्याने जागच्या जागी एक उडी मारून दाखवली. "बघा. काय झालं? काय नाय झालं."

"आई, फक्त फोटोपुरतं," हेरंब म्हणाला. "लालबागमध्ये गॅलरी म्हणजे काय, माहितीय ना तुला? फोटोत गॅलरी नसेल तर फोन येत नाहीत."

"बाबांनी फळी मारली होती ती फोटोपुरती नव्हती."

"बाबांच्या वेळची गोष्ट वेगळी होती."

सळ्यांना कुणाची वेळ कळते? मनात म्हटलं, माणसं येतील तेव्हा मी सांगणारच आहे.

पहिली माणसं एका रविवारी आली. नवरा-बायको, दोघंही बँकेतली. नळ सोडून बघितले, संडासाचा फ्लश ओढून बघितला. बाई गॅलरीकडे वळली तशी मी म्हटलं, "तिथे जाऊ नका हं. स्लॅब गंजलाय. आमच्या मिस्टरांनी दार बंद केलं होतं. घ्यायचं असेल तर आधी तेवढं काम करून घ्या, म्हणजे पुढे धोका नाही." आवाज चढवला नाही की काही नाही. मला आवाज चढवता येतच नाही. बाईने नवऱ्याकडे बघितलं, चहा अर्धाच टाकून दोघं निघून गेली.

हितेंद्र जिन्यातूनच ओरडत वर आला. "मावशी, तुम्ही घर विकताय की वाचवताय?"

हेरंब संध्याकाळी बोलला. तो ओरडत नाही, तो समजावतो, आणि ते जास्त लागतं. "आई, ही इमारत आज ना उद्या रिडेव्हलपमेंटला जाणार. सगळीच पडणार आहे. घेणाऱ्यालाही त्या नव्या जागेतच रस आहे. गॅलरीत बसायला कोण घेतोय?"

"मग सांगायला काय हरकत आहे?"

त्या दिवसानंतर रविवारी कोणी आलं नाही. शनिवारीही नाही. माणसं यायला लागली ती गुरुवारी.

गुरुवारी माझं मौन असतं. सकाळी आंघोळ झाल्यापासून संध्याकाळी देवाजवळ दिवा लागेपर्यंत. बोलायचं नाही, लिहायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. शेजारच्या राधाकाकूंनी हे व्रत सांगितलं तेव्हा बजावलं होतं, "मान हलवलीस तरी ते बोलणंच झालं हो." बत्तीस वर्षं झाली. हेरंब चार वर्षांचा होता आणि अकरा दिवस ताप उतरत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र बघू. मी दत्तमहाराजांना म्हटलं, माझ्याकडे द्यायला काही नाही, पण बडबड पुष्कळ आहे, ती घ्या. तोपर्यंत मी फार बोलायची. सकाळी पोराने पाणी मागितलं. त्यानंतर एक गुरुवार चुकला नाही. माझे वडील वारले तो गुरुवारच होता. मी आवाज न करता रडले.

ह्यांनी कधी कुरकुर केली नाही. "आठवड्यातून एक सण मिळतो मला," म्हणायचे. हेरंब शाळेत असताना प्रगतिपुस्तक नेमकं गुरुवारी पुढे करायचा, गणितात लाल रेघ असली की. आईला ओरडता येणार नाही, हा हिशोब. संध्याकाळ झाली की तो देवघराकडे बघत बघत चपला शोधायचा. दिवा लागला की मी आधी त्याचा कान धरायची. सगळे हसायचो. पोराचा खोडसाळपणा, त्यात राग कसला?

पहिल्या गुरुवारी एक जोडपं आलं, दुसऱ्या गुरुवारी दोन भाऊ. मला वाटलं, योगायोग. मी गॅलरीच्या दारात बसून वाती वळत राहिले, ती माणसं आपोआप लांबूनच बघून गेली. दोघांनाही घर पसंत पडलं नाही. बरं झालं म्हटलं.

तिसऱ्या गुरुवारी सकाळी मी स्वयंपाकघरात नैवेद्याचं बघत होते. हितेंद्र आणि हेरंब बाहेरच्या खोलीत होते. हितेंद्र फोनवर कुणाला तरी सांगत होता, "नाय रे, पार्टी गुरुवारीच पाठवायची. म्हातारीचं मौन असतं ना. एक अक्षर नाय. वर घरात कसं देवळासारखं शांत वाटतं, गिऱ्हाईक पण खूश. अरे माझं डोकं नाय, हेरंबभाईंची आयडिया."

आणि माझा हेरंब हसला. छोटंसंच. प्रगतिपुस्तक पुढे करताना हसायचा तसंच.

माझ्या हातात शिऱ्याचा कालथा होता. तो मी खाली ठेवला. आयुष्यात राग पुष्कळदा गिळला असेल, पण असा आला नव्हता. अरे, ज्या तोंडाने तुझ्यासाठी देवाला जीव मागितला, ते तोंड मी तुझ्यापायी बंद ठेवलं. आणि तू त्याला कुलूप समजलास! किल्ली आपल्या खिशात आहे म्हणालास! माझा नेम त्या हितेंद्रच्या लिंबाच्या स्प्रेशेजारी नेऊन ठेवलास, घराला चांगला वास यावा म्हणून.

बाहेर जाऊन हे सगळं म्हणायला दहा पावलं होती. मी गेले नाही. मौन मोडायचं तर मोडेन, पण या दोघांवरच्या रागाने मोडणार नाही, असं महाराजांना मनातल्या मनात सांगितलं. कुणी गॅलरीत पाय टाकायला लागलं तर मात्र त्या क्षणी मोडेन आणि तुम्ही काय शिक्षा कराल ती घेईन.

अकरा वाजता माणसं आली. राजेश आणि दर्शना, चाळिशीच्या आतबाहेरची. तो परळच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये, ती बालवाडीत शिकवणारी. सोबत राजेशचे वडील, लवूआबा. अंगाने भरलेले, हातात काठी, तीन जिने चढून आल्यामुळे शर्ट पाठीला चिकटलेला. उंबऱ्याच्या आत त्यांना माझी रांगोळी दिसली. काठी त्यांनी तिच्या पलीकडे टेकली, पाऊलही जपून टाकलं. आतापर्यंत घर बघायला आलेल्यांत रांगोळी बघणारे हे पहिले.

"रामराम," त्यांनी हात जोडले. मीही जोडले. नमस्कार देवाला करतो तसा माणसाला केला, तो बोलण्यात धरत नाहीत.

"आजींचं गुरुवारचं मौन असतं," हितेंद्र लगेच म्हणाला. "बत्तीस वर्षं. बघा, घरात कसं पावित्र्य आहे. अशी वास्तू मिळत नाही हं आजकाल."

माझं पावित्र्य तो असं दाखवत होता, जसा तो नवा नळ दाखवतो.

"तुमचो गाव खंयचो गो बाय?" आबांनी विचारलं आणि जीभ चावली. "शिरा पडो माझ्या तोंडार. मौन आसा नाय! बोलू नको, बोलू नको. मी आपलो इचारतंय."

"आम्ही मालवणजवळचे," हेरंब म्हणाला.

"आमी कणकवलीकडचे! म्हणजे घरचेच की."

दर्शना स्वयंपाकघरात ओटा हाताने मोजत होती. राजेश हितेंद्रला कागदपत्रांचं विचारत होता. चांगला साधा माणूस, प्रश्नही साधे. पाणी किती वेळ येतं, शेजारी कसे आहेत. "स्लॅब वगैरे ठीक आहे ना?" त्याने विचारलं.

"एकदम दणकट. जुनं बांधकाम आहे साहेब, आता असं सिमेंट मिळतं कुठे?" हितेंद्रने भिंतीवर थाप मारली. बरोबर त्या भिंतीवर, जी खरोखर दणकट आहे.

राजेशने हेरंबकडे बघितलं. हेरंब म्हणाला, "आमचं सगळं आयुष्य गेलं इथे. काही प्रॉब्लेम नाही."

मी माझ्या मुलाकडे बघत राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

आणि आबांना खुर्च्या दिसल्या. तोंडभर हसले. "अरे राजेश, ह्या बघ! हंय बसान मी सकाळचो पेपर वाचतलंय. चाळीत दारात बसलंय तर येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागतत. सूनबाय, ही खुर्ची माझी गो, आताच सांगान ठेवतंय."

काठी टेकत ते निघाले. माझ्या गुडघ्यांत एवढी चपळाई कुठून आली कळलं नाही. त्यांच्या आधी मी दारात पोचले आणि चौकटीत उभी राहिले, दोन्ही हात दोन्ही बाजूंना लावून.

सगळे थांबले.

"आई," हेरंब हळू म्हणाला, "जरा सरक." मी सरकले नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाजूला केल्यासारखं केलं. जोराने नाही, लोकांना दिसेल असं नाही. पण मला कळलं की तो ढकलतोय. त्याच खांद्यावर अकरा रात्री त्याचं तापलेलं डोकं होतं. मी खाली बसले, दाराच्या उंबऱ्यावरच, मांडी घालून. शब्द ओठांपर्यंत आला होता. आबांनी अजून एक पाऊल टाकलं असतं तर बत्तीस वर्षं संपली होती.

"आजींची जपाची जागा आहे ती," हितेंद्र घाईघाईने म्हणाला. "गुरुवारी तिथेच बसतात."

"असांदे, असांदे," आबांनी पाऊल मागे घेतलं. "देवाच्या कामात आड येऊचा नाय. माका काय घाई? पुढे रोज हंयच बसूचा आसा." ते सोफ्यावर बसले आणि तिथून खुर्चीकडे बघत राहिले, मूल जत्रेतल्या पाळण्याकडे बघतं तसे.

घर त्यांना पसंत पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता टोकन द्यायचं, असं उभ्या उभ्या ठरलं. हितेंद्रने सगळ्यांशी हात मिळवले. निघताना आबा माझ्यापुढे थांबले. "मौन सुटला काय ये गो बाय एकदा घराक, चाय पिऊक. पूल उतारलंस काय चिंचपोकळी टेसनाकडे इस्त्रीवालो बसता, तेच्या वरती दुसरो माळो. लवू म्हणान कोणाकय इचार."

हेरंब त्यांना सोडायला खाली गेला तो तसाच ठाण्याला. वर आला नाही. दिवा लागायच्या वेळी तो गुरुवारी या घरात थांबत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

दुपारी मी काम काढलं. दारातल्या दारात उभं राहून काठीने खुर्च्या एकेक करून आत ओढल्या. टीपॉय ओढलं, गवत गुंडाळलं. मग ह्यांची पिशवी माळ्यावरून काढली. पेचकस तिथेच होता, स्क्रू हितेंद्रच्या माणसाने खिडकीत टाकले होते ते सापडले. चारही. फळी धरायला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून एक बाजू स्टुलावर टेकवून आधी दुसरी लावली. ह्यांनी पाच मिनिटांत केलं होतं, मला दीड तास लागला. तळहाताला फोड आला. कपाटातल्या सहाही तसबिरी काढून पुन्हा आपापल्या खिळ्याला लावल्या.

दिवेलागणीला हातपाय धुतले, देवाजवळ दिवा लावला, महाराजांचं नाव घेतलं. मौन सुटल्यावरचा पहिला शब्द नेहमी तोच असतो. मग फोन उचलला.

"बोल आई," हेरंब म्हणाला. आवाजावरून वाटलं, वाटच बघत होता.

"लवूआबांकडे चाललेय."

"आई, प्लीज. ऐक. उद्या टोकन आहे. नंतर मी स्वतः सांगतो त्यांना. व्यवहार झाला की सांगतो, शप्पथ."

"व्यवहार झाल्यावर काय सांगशील? खुर्ची आत घ्या म्हणून?"

"पुन्हा अशी पार्टी येणार नाही. सलोनीने तिकडच्या जागेचं सगळं ठरवलंय. तुझ्या देवघराचंसुद्धा. कुणासाठी करतोय मी हे?" आवाज जरा फाटला त्याचा. "तू ते व्रत माझ्यासाठीच धरलंस ना? मग एकदा माझ्यासाठी गप्प बस. आजच्या दिवस."

मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही.

"बत्तीस वर्षं बसले की रे," मी म्हटलं. "तू जगावास म्हणून बसले. त्या म्हाताऱ्याने पडावं म्हणून मागितलं नव्हतं मी महाराजांकडे. आणि आज मला खांद्याला धरून बाजूला केलंस, हेरंब. लोकांसमोर. माझ्या दारातून."

"मी ढकललं नाही, आई."

"दिवा लागलाय. आता तुझा कान धरायला मी ठाण्याला येऊ शकत नाही. उद्या दहा वाजता तू ये. आबांच्या पाया पड. ते काय ठरवतील ते ठरवतील. गॅलरी पाडून घर घेतील, नाहीतर नाही घेणार. त्यांनी नाही घेतलं तर दुसऱ्याला सांगू, तिसऱ्याला सांगू. हितेंद्रला म्हणावं, माणसं रविवारी आण. मी घरीच असते."

तो "आई, आई" करत होता. मी फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला. वाजू दिला.

शिऱ्याचा प्रसाद उरला होता. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी कशी जाणार, म्हणून डब्यात भरला. पिशवीत ह्यांची हातोडी टाकली. राजेश शिकलेला आहे, माझ्या शब्दावर कशाला विसंबेल? सकाळी येऊन दारातून स्वतः ठोकून ऐकू दे.

दाराला कुलूप लावलं. जिन्यात खालच्या मजल्यावरची दीपिका भेटली, "मावशी, या वेळी कुठे?" म्हणाली. "चहाला बोलावलंय," मी म्हटलं, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत चिंचपोकळीच्या पुलाकडे निघाले.